मागच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटचा आटा गेला : आधी बघा, गेलं काय आहे

प्रश्न तासगावहून आला आहे. गाडी १३ वर्षांची हॅचबॅक, पेट्रोलवर घेतलेली, नंतर सीएनजी बसवलेला. मागून खडखड येते म्हणून ॲक्सलचे रबरी बुश बदलायला घेतले. ॲक्सलला बॉडीशी जोडणारा डाव्या बाजूचा ब्रॅकेट ३ बोल्टांनी धरलेला आहे. त्यातले दोन सरळ निघाले. तिसरा करकरत, अर्धा अर्धा फेरा घेत कसाबसा बाहेर आला आणि आता परत लावताना आवळतच नाही, नुसता फिरतो. एक मिस्त्री म्हणतो मोठा बोल्ट टाकू. दुसरा म्हणतो डोक्याला वेल्डिंगचे दोन टाके मारू, जन्मात हलणार नाही. तिसरा म्हणतो दोन बोल्ट आहेत की, चालवा. यातलं कोणाचं ऐकायचं?

माझं मत विचाराल तर तिघांचंही नको. ते का, हे कळायला हा बोल्ट तिथे नेमकं काय काम करतो ते बघावं लागेल.

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की बोल्ट खुंटीसारखा आडवा उभा राहतो आणि ब्रॅकेटला सरकू देत नाही. तसं नाही. बोल्ट ब्रॅकेटला बॉडीवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळे दोन पत्र्यांमध्ये जे घर्षण तयार होतं ते ॲक्सलला जागेवर ठेवतं. एम १२ म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट, ८.८ हा त्याच्या ताकदीचा ग्रेड. असा बोल्ट नीट आवळला तर तो एकटा साधारण ४ टनांच्या दाबाने धरतो. त्या दाबाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका आडवा जोर नुसत्या घर्षणावर निभावतो, बोल्टाच्या दांड्याला ब्रॅकेटचं भोक टेकतसुद्धा नाही. दाब कमी झाला की ब्रॅकेट सूतभर सरकायला लागतो, भोक लंबगोल होतं, आणि मग बोल्ट खरोखरच खुंटीसारखा मार खायला लागतो. ते त्याचं काम नाही, म्हणून तो तुटतो. तेव्हा दुरुस्तीची परीक्षा एकच : दुरुस्त केलेला आटा कंपनीने सांगितलेला पूर्ण टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पिळ, घेतो का? बोल्ट बसला, हलत नाही, एवढ्यावर दुरुस्ती झाली असं म्हणता येत नाही.

आता निदान. 'बोल्ट फिरतो' या एका तक्रारीत किमान चार वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिलं, नटाचे आटे गेलेत पण नट जागेवर घट्ट आहे. बॉडीच्या बॉक्समध्ये, म्हणजे पत्र्याच्या पोकळ चॅनलच्या आत, हा नट कारखान्यातच वेल्ड केलेला असतो. बाहेर काढलेल्या बोल्टाच्या आट्यांत स्प्रिंगसारखी बारीक चकचकीत तार अडकलेली दिसली तर ती नटाच्या आट्यांची साल आहे. नटाचे आटे सोलून बाहेर आले, प्रश्न मिटला.

दुसरं, बोल्टाचेच आटे गेलेत आणि नट शाबूत आहे. असं झालं असेल तर नशीब चांगलं. नवा बोल्ट आणा, काम संपलं. म्हणून काहीही करण्याआधी त्याच मापाचा नवा बोल्ट हाताने लावून बघायचा. निघालेल्या दोन चांगल्या बोल्टांपैकी एक वापरला तरी चालेल. तो शेवटपर्यंत बोटांनी जात असेल आणि आत गेल्यावर लटपटत नसेल तर नटात जीव आहे.

तिसरं, नटाचं वेल्डिंग सुटलंय आणि अख्खा नटच बोल्टाबरोबर आत फिरतोय. याची खूण अशी की बोल्ट फिरतो पण ना आत जातो ना बाहेर येतो, आणि कान लावला तर बॉक्समध्ये खुळखुळ ऐकू येते. तुमचा बोल्ट बाहेर आला आहे, म्हणजे निदान तो निघेपर्यंत तरी नट धरून होता. तरीही बोल्ट ३-४ आटे आत घालून डोकं जरा आडवं ढकलून बघा आणि मोबाईलच्या उजेडात भोकातून आत पाहा. नट सरकताना डोळ्याला दिसतो.

चौथं आणि सगळ्यात वाईट, नटाभोवतीचा पत्राच गंजून मऊ झाला आहे. यासाठी जाड पेचकस घ्या आणि भोकाच्या आजूबाजूला हातभर अंतरात टोचत जा. लहान हातोडीने ठोकून आवाज ऐका. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो आणि काळ्या रंगाच्या पापुद्र्याखालून तांबडा भुगा गळतो. सांगली, मिरज आणि कृष्णाकाठच्या गावांतल्या गाडीला हे तपासणं सोडूच नका. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्यात उभ्या राहिलेल्या कित्येक गाड्या नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या. वरून गाडी छान दिसते, पण चॅनलच्या आत गाळाचा थर बसलेला असतो, पाणी निचऱ्याची भोकं बुजलेली असतात आणि नट वर्षानुवर्षं ओल्या चिखलात राहतो. साताऱ्याकडे महाबळेश्वर, पाटणच्या पट्ट्यात चार महिने गाडीचं पोट वाळतच नाही, तिथेही हेच. पेचकस पत्र्यात घुसला तर आट्याचा विचार बाजूला ठेवा. कुजक्या पत्र्यात सोन्याचा नट बसवला तरी उपयोग नाही.

बोल्ट करकरत निघाला याचं कारणही याच गंजात आहे. बोल्टाचं टोक नटाच्या वर बॉक्समध्ये १०-१५ मिलिमीटर बाहेर आलेलं असतं. तेवढ्या भागावर गंज चढून आटे फुगतात. बोल्ट उलटा फिरवला की हा फुगलेला भाग नटाच्या चांगल्या आट्यांतून ओढला जातो आणि त्यांना कानस लावल्यासारखा खात येतो. त्यात एअर गन लावली असेल तर अडकलंय हे हाताला कळतच नाही, गन आटे सोलून मोकळी होते. उरलेल्या बाजूचे बोल्ट काढायचे असतील तर आदल्या दिवशी चॅनलच्या निचऱ्याच्या भोकातून नळी घालून नटाच्या वरच्या बाजूला गंज सोडवणारं तेल मारा. खालून डोक्याला मारलेलं तेल तिथवर पोचत नाही. दुसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या हात पान्याने पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत मागे, असं करत काढा. जड लागायला लागलं की जबरदस्ती न करता पुन्हा आत घ्या, तेल द्या, थांबा.

आता धरून चालू की तुमचं दुखणं पहिल्या प्रकारचं आहे : नट घट्ट, पत्रा ठीक, आटे गेलेले.

आधी माप पक्कं करा. १९ नंबरचा पाना लागतो म्हणून बोल्ट एम १२ आहे असा अंदाज बांधता येईल, पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पान्यावरून कळत नाही. एम १२ मध्ये १.२५, १.५ आणि १.७५ असे तिन्ही पिच बाजारात मिळतात. जपानी घराण्याच्या गाड्यांत बहुधा १.२५ असतो, युरोपीय घराण्याच्या गाड्यांत १.५ जास्त दिसतो, आणि हार्डवेअरच्या दुकानात 'एम १२ द्या' म्हटलं की हातात पडतो तो १.७५. चुकीच्या पिचचा बोल्ट पहिले दोन-तीन फेरे गुण्यागोविंदाने जातो, मग जड होतो, आणि इथेच माणूस पाना लावून चांगला नट मारून टाकतो. बाजारात पिच गेज मिळतं, ते बोल्टाच्या आट्यांत धरा. पात्याचे दात आणि आटे यांच्यामधून उजेड दिसता कामा नये.

आटे नुसते दबले किंवा गंजाने भरले असतील तर ते साफ करून काम भागू शकतं. त्यासाठी थेट टॅप, म्हणजे आटे कापणारं हत्यार, घालू नका, टॅप चांगला धातूही कापून नेतो. त्याच मापाचा जुना बोल्ट घ्या, त्याच्या आट्यांवर ग्राइंडरच्या पातळ चकतीने ३ उभ्या खाचा पाडा, टोक जरा निमुळतं करा. हा घरगुती चेसर तेल लावून हाताने फिरवला की गंज आणि कचरा खाचांत जमतो आणि आटे कापले जात नाहीत. साफ झाल्यावर नवा बोल्ट लावून टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळा : ४०, ६० न्यूटन-मीटर, मग पुढे. पाना फिरतोय पण टॉर्क वाढत नाही असं वाटलं त्या क्षणी थांबा. आटे सोलले जाताहेत, अजून ओढून फायदा नाही.

तुमच्या वर्णनावरून आटे सोलूनच गेलेले दिसतात. तिथे माझी पसंती कॉइल इन्सर्टला, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात. स्टेनलेसच्या, शंकरपाळ्यासारखा छेद असलेल्या तारेची ही गुंडाळी असते. जुने आटे ड्रिलने काढून टाकायचे, किटमधल्या खास टॅपने मोठे आटे पाडायचे आणि त्यात ही गुंडाळी बसवायची. आतून परत मूळ मापाचा आटा तयार होतो, म्हणजे कंपनीचाच बोल्ट लागतो. दुरुस्ती तात्पुरती आहे असा गैरसमज करून घेऊ नका. नीट बसवलेला कॉइल मूळ नटाइतकाच ताण घेतो.

पण 'नीट बसवलेला' या दोन शब्दांतच सगळी गोम आहे, म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका. दोन्ही बाजूंना बॉडीखाली स्टँड, पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी, आणि ॲक्सलच्या बीमखाली, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, वेगळा जॅक. ब्रॅकेट सुटला की बीमचं वजन ब्रेकच्या रबरी होजवर आणि हँडब्रेक केबलवर येतं. होज ताणला गेला तर बाहेरून दिसत नाही, आतून फाटतो.

नटाची जाडी मोजा. पातळ तारेचं टोक काटकोनात वाकवून भोकातून आत घाला, वरच्या काठाला अडकवा आणि पत्र्याशी नखाने खूण करा. एम १२ च्या वेल्ड नटाची जाडी साधारण १० मिलिमीटर असते. किटमधला सगळ्यात आखूड कॉइल १२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे तो नटाच्या वर बॉक्समध्ये २ मिलिमीटर लोंबत राहील, आणि आधार नसलेला तो वेटोळा बोल्टाबरोबर ओढला जाऊन पुढच्या वेळी अख्खा कॉइल बाहेर येईल. यासाठी बसवण्याआधीच शेपटीच्या विरुद्ध टोकाकडून दीड-दोन वेटोळी कटरने कापा आणि कापलेलं टोक बारीक कानशीने गुळगुळीत करा. शेपटी म्हणजे कॉइलच्या तळाशी आडवी गेलेली ती छोटी तार, जिला धरून तो फिरवतात.

ड्रिल किटवर लिहिलेल्या मापाचंच घ्या. एम १२ च्या कॉइलला पिचप्रमाणे ते साधारण १२.३ ते १२.५ मिलिमीटर असतं. हातातल्या ड्रिल मशिनला बाजूची मूठ लावा, वेग कमी ठेवा, चष्मा घाला, कारण कीस सरळ डोळ्यांवर पडतो. आधीच भोक असलेल्या जागी ड्रिल ओढून घेतं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना तर हिसकाच देतं, आणि तेवढ्या हिसक्याने नटाचं जुनं वेल्डिंग सुटू शकतं. म्हणून जोर लावायचा नाही, उलट मशिनला मागे धरून ठेवायचं. भोक सरळ राहावं म्हणून एक साधी सोय : ब्रॅकेटच्या बाकीच्या दोन बोल्टांवर १०-१२ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बसवा आणि तिच्यात तिसऱ्या बोल्टाच्या जागी लेथवर सरळ पाडलेलं भोक ठेवा. ड्रिल त्या भोकातून गेलं की तिरपं होत नाही. भोक ३-४ अंश जरी तिरपं गेलं तरी बोल्टाचं डोकं एकाच कडेवर बसतं, आवळताना दांडा वाकतो आणि काही हजार किलोमीटरांत डोक्याच्या मानेतून तुटतो.

टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येईल. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. काम झाल्यावर ब्रेक क्लीनर आणि हवेने भोक साफ करा आणि तारेला बांधलेलं चुंबक आत फिरवा. कापलेला लोखंडी कीस चॅनलमध्ये राहिला तर तिथे पुन्हा गंज सुरू होतो.

कॉइल बसवताना तो नटाच्या तोंडापासून पाव ते अर्धा आटा आत गेला पाहिजे. तोंडाशी सपाट ठेवला तर बोल्टाचं टोक पहिल्याच वेटोळ्याला धरून तिरपं जातं. शेवटी शेपटी तोडायची. एम १२ ची शेपटी पंचने मारण्यापेक्षा लांब चोचीच्या पकडीने वर-खाली दोनदा वाकवा, खाचेवर तुटते. तुकडा बाहेर काढा. शेपटी राहिली तर बोल्ट तिच्यावर जाऊन टेकतो, पाना म्हणतो टॉर्क आला, आणि ब्रॅकेट सैलच असतो.

आटे बसवायला लेथवरून पोलादी बुश, म्हणजे नळी, करून घेऊ का, हा पुढचा प्रश्न येणारच. आपल्या भागात लेथचं काम ही नवलाई नाही. १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या पट्ट्यात टर्नर-फिटर घडत आलेत. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत बाहेरून आणि आतून आटे पाडलेला पोलादी बुश तासाभरात करून मिळतो. पण इथे थोडं गणित करा. आत एम १२ चा आटा ठेवायचा तर बाहेरून एम १४ जमत नाही : एम १४ × १.५ च्या आट्याचा तळ १२.४ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे बुशची भिंत कागदाएवढी राहते. बाहेरून निदान एम १६ × १.५ करावा लागतो. एम १२ चा वेल्ड नट बाहेरून १९ मिलिमीटरचा. त्यात १६ चं भोक पाडलं की नटाच्या प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर धातू उरतो. कॉइलच्या टॅपचं माप १३.६ च्या आसपास, तिथे बाजूला २.७ मिलिमीटर उरतात. हा फरक मोठा आहे. म्हणून वेल्ड नटाला कॉइलच, आणि बुश तिथे, जिथे जाड धातू आहे : मागच्या हबच्या फ्लॅंजमध्ये, ॲक्सलच्या जाड ब्रॅकेटमध्ये, जीपसारख्या गाडीच्या ओतीव हाउसिंगमध्ये. तिथे बुश खरोखर उत्तम काम करतो.

हाच हिशोब मोठ्या बोल्टाला. एम १४ × १.५ साठी १२.५ चं ड्रिल मारून आटे पाडता येतात, नट तेवढं सोसतो. पण मग ब्रॅकेटचं भोकही १४ च्या पुढे मोठं करावं लागतं, डोकं मोठं होतं आणि कधी शेजारच्या उभ्या पत्र्याला घासतं. शिवाय एकाच ब्रॅकेटवर दोन मापांचे बोल्ट आले की पुढचा मिस्त्री कोणाला किती टॉर्क द्यायचा हे अंदाजाने ठरवतो. आणि तो एम १४ गेला तर पुढे रस्ता नाही. बुशमधून आडवा जाणारा मुख्य बोल्ट असेल तर मोठा बोल्ट हा विषयच नाही, बुशची आतली नळी १२ लाच बनलेली असते.

बोल्टाला तांब्याची तार गुंडाळून आवळणं, टेफ्लॉन टेप, एम-सील, आट्यांत अराल्डाइट भरणं, पत्र्यात रिव्हनट (रिव्हेटसारखा दाबून बसवायचा नट) ठोकणं हे सगळे उपाय नंबर प्लेटलासुद्धा नको म्हणेन, ॲक्सलला तर नाहीच. आणि डोक्याला वेल्डिंगचे टाके? त्यामुळे बोल्ट फिरायचा थांबतो, पण दाब कुठून येणार? आटे नाहीत म्हणजे ओढ नाही. शिवाय कठीण केलेल्या बोल्टाला वेल्डिंगची उष्णता लागली की डोक्याखालची मान ठिसूळ होते. मिस्त्री जे 'हलणार नाही' म्हणतो ते त्या दिवसापुरतं खरं असतं.

वेल्डिंग लागतं ते तिसऱ्या आणि चौथ्या दुखण्याला, आणि तिथे ते योग्य हातांनीच व्हावं.

नट फिरत असेल आणि जवळ चॅनलला मोठं लांबट भोक असेल तर नटप्लेट आत सरकवता येते. ५-६ मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर नवा १० ग्रेडचा नट चारही बाजूंनी वेल्ड करायचा, पट्टीला बाइंडिंग वायर बांधायची, बोल्टाच्या भोकातून ती तार बाहेर ओढत पट्टी जागेवर आणायची. पट्टी लांब ठेवली की चॅनलच्या भिंतीला अडकते आणि फिरत नाही. दाब मोठ्या पत्र्यावर पसरतो हा वरचा फायदा. शक्य असेल तर एकाच पट्टीवर दोन बोल्टांचे नट घ्या, मग फिरण्याचा प्रश्नच राहत नाही.

भोक नसेल तर चॅनलला बाजूने खिडकी कापावी लागते. ३ बाजूंनी कापून झाकणासारखी उघडली तर परत बंद करणं सोपं. नवा नट आधी ब्रॅकेट लावून, तिन्ही बोल्ट हलके आवळून जागेवर आणा आणि मग टाका मारा. मोकळ्या हाताने अंदाजाने लावलेला नट २ मिलिमीटर चुकला तरी ब्रॅकेट बसत नाही, आणि ओढून बसवला तर मागची चाकं तिरकी चालतात. पूर्ण वेल्डिंग करताना मात्र ब्रॅकेट आणि रबरी बुश बाजूला काढा. वेल्डिंग सीओटूनेच, म्हणजे गॅस आणि तारेचं. दोन-अडीच मिलिमीटरच्या पत्र्याला काडीचं वेल्डिंग भोकं पाडतं. झाल्यावर झिंक प्रायमर, सांध्याला सीलर आणि आत नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण. हे शेवटचं टाळलं तर दोन पावसाळ्यांत वेल्डिंगची कडच पहिली गंजते.

आणि तुमच्या गाडीसाठी ठळक सांगतो. बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या अगदी पुढे असते आणि सीएनजीचा सिलिंडर डिकीत, म्हणजे याच चॅनलच्या वर. टाकीवर ओलं पोतं टाकून वेल्डिंग करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे गाडी देऊ नका. पेट्रोलची टाकी उतरवा. सिलिंडर आणि त्याची पाईप अधिकृत सीएनजी फिटरकडून काढून घ्या. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते, तारीख जवळ आली असेल तर ती याच वेळी उरकून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. वेल्डिंगची अर्थ कामाच्या जवळच्या पत्र्यावर लावा, चाकाच्या ड्रमवर नको, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर ठिपके पाडतो. दोन महिन्यांनी चाक घोंघावायला लागलं की कारण कोणालाच सापडत नाही.

काही मिस्त्री चॅनल आरपार भोक पाडून वरून लांब बोल्ट टाकतात. पोकळ बॉक्सला हे जसंच्या तसं चालत नाही. आवळलं की दोन्ही पत्रे आत दबतात, दाब कधीच टिकत नाही. करायचंच असेल तर दोन पत्र्यांमध्ये बरोबर मापाची जाड नळी बसवून, दोन्ही टोकं वेल्ड करून मगच.

जोडणीकडे वळू. तिन्ही बोल्ट नवे घ्या, कंपनीचेच. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ जे लिहिलं असेल तेच परत. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. अंदाज यावा म्हणून : ८.८ चा एम १२ × १.२५ कोरड्या आट्यांवर साधारण ८५ ते ९० न्यूटन-मीटर घेतो, १०.९ चा १२० च्या पुढे जातो. आट्यांना ग्रीस किंवा तेल फासून तोच आकडा दिला तर बोल्टावर प्रत्यक्ष ताण बराच जास्त पडतो, नव्या कॉइलवर तो प्रयोग नको. मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव, दोन थेंब पुरे. ब्रॅकेट आणि बॉडी जिथे टेकतात तो भाग तारेच्या ब्रशने साफ करून रंगाचा फक्त पातळ हात द्या. जाड अंडरकोटिंग मध्ये राहिलं की ते हळूहळू दबतं आणि बोल्ट न फिरताच सैल पडतो.

बुशमधून जाणारा मुख्य बोल्ट गाडी स्टँडवर लोंबकळत असताना शेवटचा आवळू नका. ब्रॅकेटचे ३ बोल्ट हवेत आवळले तरी चालतात, पण हा एक गाडी चाकांवर उभी करून, किंवा बीमखालच्या जॅकने ॲक्सल नेहमीच्या उंचीला उचलूनच आवळायचा. रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश वर्षाच्या आत फाटतात. मागे सीएनजीचं वजन असताना तर लवकरच.

राहिला तिसऱ्या मिस्त्रीचा सल्ला, दोन बोल्टांवर चालवण्याचा. ब्रेक मारला की ॲक्सल मागे ओढला जातो, खड्ड्यात चाक आपटलं की आणखी धक्का बसतो, आणि ऊस हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडा कशा होतात ते तासगावकरांना सांगायला नको. तिसरा बोल्ट नसला की त्या बाजूचा कोपरा उचलतो आणि उरलेले दोन बोल्ट प्रत्येक धक्क्याला वाकतात. त्यातला एक गेला की मागचं चाक चालत्या गाडीत दिशा बदलतं. स्टिअरिंगवरून हे सावरता येत नाही. म्हणून आत्ता गाडी आहे तिथेच राहू द्या. कॉइलचं काम जागेवर होतं. वेल्डिंगच लागणार असेल तर गाडी उचलून न्या, चालवत नको.

काम झाल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट तपासा. बीम ॲक्सलला मागे ॲडजस्टमेंट बहुधा नसते, तरी रीडिंग घ्याच, डाव्या-उजव्या बाजूत फरक आला तर ब्रॅकेट सरकून बसलाय हे तिथेच कळतं. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. १०० किलोमीटरनंतर आणि परत ५०० नंतर खाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली, किंवा डोक्याभोवती तांबूस पूड जमलेली दिसली, तर बोल्ट नुसता परत आवळून सोडू नका. तो काढा आणि कॉइल जागेवर आहे का ते बघा.